पाण्यात पाहणे

जेवणाच्या टेबलावर कॅरिबियन पसरलाय,
वर पोह्यांची बशी आणि यदुनाथच्या बीपीच्या गोळ्या.
बाहेर साउथ शील्ड्स धुक्यात;
बंदराचा भोंगा दर मिनिटाला
काहीतरी विसरल्यासारखा ओरडतो.

मार्चमध्ये महाग.
जुलैत स्वस्त, पण वादळांचा हंगाम.
"वादळं मी बघितलीत," हा म्हणतो.
मी नाही बघितली. मी मार्चवर खूण करते.
मँचेस्टरहून मोठं विमान, मग बारा माणसांचं लहान,
तिथे सामानाबरोबर माणसाचंही वजन विचारतात.
निषाद रेडिंगहून फोनवर: आई, ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या,
खुर्चीत पडून राहा.
पडून राहायला आमचा सोफा आहे.

दर गुरुवारी नगरपालिकेच्या तलावात
लिंडसी आम्हाला श्वास घ्यायला शिकवते.
एकसष्टाव्या वर्षी. तोंडानं.
नाकातोंडात पाणी जाईल, हे ऐकत मी वाढले,
तेही जतला, जिथे विहिरीच्या तोंडातही पाणी नसायचं.
पहिल्याच दिवशी गेलं. गेलं आणि बाहेर आलं.
सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

नियम असा, की जोडीदारावरून नजर हटवायची नाही.
म्हणजे अडतीस वर्षांच्या संसारानंतर
आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतो,
आठवड्यातून एकदा, पाऊण तास, पैसे भरून.
त्याचे गाल मुखवट्यात चेपलेले,
डोळे शहाण्या पापलेटासारखे.
बोलता येत नाही, हे फार बरं.
अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'वर चल'.
मी तीनदा छान म्हणाले,
तीनदा त्यानं मला वर नेलं.

माझ्या डाव्या कानापायी डॉक्टरांनी लिहून दिलंय:
दहा मीटर, त्याखाली नाही.
प्रवाळ चारवर, जहाज नऊवर. बसतं.

जहाजाचं पान आलं तेव्हा मात्र हा गप्प झाला.
तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला,
बुडू नये म्हणून झोपेतही पंप ऐकणारा माणूस,
आणि आता बुडालेलं बघायला माणशी नव्वद डॉलर.
चष्मा कपाळावर ढकलून त्यानं बारीक अक्षर वाचलं:
बांधणी टाइन नदी, एकोणीसशे छप्पन.
खिडकीकडे बघितलं. नदी दिसत नव्हती. होती.

"इथली आहे गं ती," म्हणाला.
(जहाजाला तो 'ती' म्हणतो, समुद्रावरची सवय.)
जणू पलीकडच्या गल्लीतली कुणी लेक
लांब दिली आणि मग कुणी विचारलंच नाही,
कशी आहेस.

आता भेटायला जायचं तर काय न्यायचं?
पत्रकात लिहिलंय: काही उचलू नका, काही ठेवू नका,
शिवू नका.
रिकाम्या हातानं मी कुणाच्या दारात गेलेली नाही.
लोखंडाला काय चालतं, मी विचारलं.
"तेल," म्हणाला. हसला.
मग नाही हसला.

कमरेला शिसं बांधतात, चार-चार किलो.
तेवढंच असेल आमच्याकडे.
हात छातीशी घेऊन
तिच्या डेकवरून नुसतं सरकत जायचं.

सतरा मार्च. दोन जागा शिल्लक.
कार्डामागचे आकडे मला दिसेनात.
"वाच," मी म्हटलं.
भोंगा वाजला.
तो संपेपर्यंत थांबला,
आणि मग एकेक आकडा वाचला.