साठ वॉटचा

पेटीतून निघाला तेव्हा गेमच्या अंगाला
डांबरगोळ्यांचा वास होता, आणि वायर
उंदरानं एके ठिकाणी चाखून सोडलेली.
अॅडॉप्टर अजून तसाच जड,
वाण्याच्या अर्धा किलोच्या मापासारखा.

नवा टीव्ही भिंतीवर, कॅलेंडरासारखा पातळ.
त्याच्या पाठीमागे हात घालून मी चाचपत राहिलो:
पिवळी, पांढरी, लाल, तीन पाहुण्या हातात
आणि बसवायला जागाच नाही.

दिग्रसला मोबीन म्हणाला,
"आता गोल काही येत नाही, दादा. मधात एक डबी लागते.
हे जुनं बोलते, थे नवं ऐकते, डबी सांगून देते."
साडेतीनशे रुपये.
डबीलाही वेगळी लाईट पाजावी लागते
हे त्यानं मी गाडीला किक मारल्यावर सांगितलं.

जुन्या टीव्हीचे असे लाड नव्हते.
तीन नंबरचा चॅनल, बटण आत राहावं म्हणून
आगकाडीची पाचर.
बाबांच्या बातम्या संपेपर्यंत आम्ही अकरा पोरं दारात,
दोन रिमोट, आणि एकच बंदूक,
ती कुंदाताईच्या हातात.
एक खटका, एक बदक. चुकायचीच नाही.
दामू पवारनं शाळेत तिच्याशी भांडणं सोडलं
ते त्यामुळेच, असं आम्ही धरून चाललो.

या दिवाळीत ती आली, तिच्यासाठीच हा खटाटोप.
डबी लावली. निळा पडदा. सिग्नल नाही.
कॅसेट काढून फुंकली
(फुंकर ओठांना पाठ होती)
आणि आलं,
आडवं ताणलेलं, बदकं सगळी
लग्नातल्या व्याह्यांसारखी फुगलेली.
सेटिंगमध्ये शिरून चित्र चौकोनी केलं,
दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडले
वावराला धुरा सोडतात तसे.

ताईनं चष्मा पुसला, बंदूक घेतली.
खट्. बदक उडालं.
खट्. उडालं.
खट् खट् खट्.
सगळी निघून गेली, एकाचंही पीस पडलं नाही.

फोनवर मोबीन: "बंदूक चांगली हाय.
थे गोळी मारत नाही ना, उजेड पाहते.
जुना टीव्ही उजेड तिथल्या तिथं दाखवे,
नवा आधी विचार करते."

ताई हसली. मग हसायची थांबली.
"ईश्वर, एक सांगू काय?
मी टीव्हीवर नेम धरतच नोती.
तुम्ही सारे पडद्याकडे पाहा,
मी बल्बाकडे."

अकरा पोरं. एकानंही मान वळवली नाही
इतक्या वर्षांत.

आता घरभर पांढरे एलईडी.
वायर पुरली तिथवर तिनं बंदूक रोखून पाहिली, काही नाही.
साठ वॉटचा पिवळा बल्ब आमच्याकडे एकच,
मागच्या छपरीत, जुन्या टीव्हीच्या खोक्यात.
काचेची नळी भंगारात गेली,
आत लाकडाचा भुसा
आणि सतरा पिल्लं, चार दिवसांची.

बल्बच आणला मग, होल्डरसकट,
बाजेच्या पायाला बांधला.
खट्.
बदक पडलं.
तिच्या तेजसनं मोबाईलमधून डोकं वर काढलं.
खट्. खट्. बदकं एकीकडे, ती भलतीकडेच तोंड करून,
सहाशे, सातशे, साडेआठशे,
भाऊबीजेची ओवाळणी पदरात तशीच.

छपरीतली चिवचिव वाढत गेली.
थंडी पडायला लागली होती.
"दे नेऊन," ताई म्हणाली,
"त्याईचा हाय थो."

मी बल्ब परत खोक्यात लावला.
काचेच्या जागी जाळी, जाळीमागे पिवळा उजेड,
उजेडात हलणारे ठिपके.
उकिडवा बसून जरा वेळ पाहिलं.
खालच्या कोपऱ्यात तीन नंबरचं बटण
अजून आतच दाबलेलं आहे.
आगकाडी कोणी काढलीच नाही.