एक-तीन-चार-दोन

वर्तमानपत्रावर तीन डिस्ट्रिब्युटर मांडून
हिलाल मिस्तरी उकिडवे बसले.
एक पुण्याहून मागवलेला, नवाकोरा, आत पॉइंटच नाहीत.
दुसरा अँबेसेडरचा. “याचा ॲडव्हान्स येगळा, चढावर खडखडेल.”
तिसरा चोपड्यातल्या एका हेरल्डचा,
जिच्यात आता कोंबड्या राहतात.

तिसराच उचलला.
शाफ्ट हलवला, कानाशी नेला.
बुश नवा ठोकला, स्प्रिंगा रॉकेलात धुतल्या,
पॉइंटांमधून गेजचं पातं सरकवलं:
“अडकाले नको, पन लागाले जोयजे.”

धुळ्याचा मे. बॉनेटला हात लावायची सोय नाही.
पुलीवरची खूण दिसेना,
मी पर्समधलं नेलपॉलिश दिलं.
खालची खाच मुद्दाम एका अंगाला सरकलेली,
एकाच तऱ्हेने बसतो तो.
खट्. बसला.
एक, तीन, चार, दोन,
वायरी मी खोचल्या, मोठ्याने म्हणत.

सेल्फ मारला, तर असा बार निघाला
की पारोळा रोडवरचा रसवंतीवाला ग्लास टाकून उठला.
“ताई, हाऊ उलटा फिरस.”
मी घड्याळाच्या काट्यांनी मोजलं होतं.
तीन न् दोनची अदलाबदल.

मग अकरा वर्षांनी आत्याची गाडी खोकली,
खोकत राहिली,
आणि हिलाल दोन बोटांनी डिस्ट्रिब्युटर
रेडिओचं बटण फिरवावं तसा फिरवत गेले,
आवाज पातळ, जाड, पातळ...
थांबले. क्लँप आवळला.

जुना, तडकलेल्या टोपीचा,
त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला.
ठेवा, असं मी म्हटलं नव्हतं.
न विचारता त्यांनी तो डिकीत ठेवला.