त्याच घडीवर

ग्रोनिंगनमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
सीत्स्के सायकलला कुलूप घालते,
हातमोजे दातांनी ओढून काढते
आणि तळघरात उतरते,
जिथं एक रेणू सकाळपासून
ताणून धरलेला आहे.

त्याला पूर्वज नाही.
कुठल्या जिवाणूत, कुठल्या माशाच्या कल्ल्यात
तो कधीच नव्हता.
हिनंच लिहिला, अक्षराला अक्षर जोडत:
चार मळसूत्री दांडे, मधे तीन वळणं,
बाहेरच्या अंगाला तेलकट अक्षरं,
पाण्याला पाण्यात पाहणारी.
त्यांना पेशीच्या पटलात, स्निग्ध पोटात जागा;
टोकांना तेवढी ओल सोसणारी दोनचार.

पहिल्या एकेचाळिसांचा चोथा झाला.
नळीच्या तळाशी पांढरा गाळ,
दुधात लिंबू पिळल्यासारखा.
बेचाळिसावा उभा राहिला.
उकळला, तरी उभा.
विभागात केक कापला.
वीबे म्हणाला, हा तर दगड आहे!

तेच तिला खुपलं.
चुंबकाचा मणी बांधून ओढला,
दोर तुटला, दगड उलगडला नाही.
आणि उलगडत नाही
त्याला कसं विचारायचं,
बाबा रे, तू घडलास कसा?

मग तिनं त्याला थोडा अधू केला.
एक ल्युसिन काढून तिथं अ‍ॅलॅनिन,
गच्च गादीतून मूठभर कापूस उपसावा तसं.

आता पडद्यावर रेघ चालते.
सरळ, सरळ, मग एक पायरी.
मग दुसरी. सुटला.
ओढ सैल केली की परत यायला लागतो,
पण निम्म्यावर थबकतो:
दोन दांडे एकमेकांना टेकलेले,
दोन अजून उंबऱ्याबाहेर,
चपला काढत असल्यासारखे.
मग तेही आत.
घडी बसते.
आजची ही पाचशे तेरावी.

लेमरला तिचे वडील शिडं शिवायचे.
हिल्केंची एकच ताकीद असे:
दर खेपेला त्याच घडीवर दुमडू नकोस,
कापड तिथंच जातं.
ती लहानपणी शिडाचं एक टोक धरून उभी राहायची,
बोटं मेणानं चिकट,
आणि दरवेळी घडी चारदोन बोटं सरकवायची.

आज फोनवर त्यांना सांगते,
पाचशे तेरा वेळा, त्याच घडीवर.
– मग फाटतं कुठं?
– फाटत नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
केटलीचं झाकण वाजल्याचा आवाज.
– कापड कसलं आहे गं?

ती सांगणार असते.
तेवढ्यात रेघ मधल्या पायरीवर येते
आणि या खेपेला
पुढं सरकतच नाही.
फोन कानाशी तसाच धरून
ती सेकंद मोजू लागते.