फॉर्म सी

मोती तबेल्यात आता घोडे नाहीत.
आम्ही आहोत, आणि फायली.
एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी माझ्यासमोर आला
ओजस मुंगी, वय सहा वर्षं चार महिने.
खुर्चीत बसला की टेबलावर फक्त कपाळ दिसे.

काम : स्वेटरचं कॅटलॉग.
स्थळ : सांवेर रोड, गोदामातला पडदा, पडद्यावर बर्फ.
बाहेर इंदूर बेचाळीस अंशांवर.
कंपनीचे छाबडाजी म्हणाले, "भिया,
थंडीचा माल थंडीत दाखवून कसं भागेल?"

मी वाचून दाखवलं, रोजच्या सपाट आवाजात :
दिवसाला पाच तास, वर एक मिनिट नाही.
सलग तीन झाले की विश्रांती.
पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस.
सत्तावीस दिवसांवर शाळा बुडवायची नाही.
आणि कमाईतला पाचवा हिस्सा त्याच्या नावानं बँकेत,
अठरावं लागेतो कुणी हात लावायचा नाही.
"अठरावं?" आई म्हणाली,
आणि वर्षं मोजू लागली बोटांवर.
दहा बोटं पुरली नाहीत.
तर्जनीवर सुईचे टोचे होते. फॉल-पिको करत असावी.
विचारलं नाही. त्याचा रकाना नाही.

मुलाची मर्जी आहे का, हेही विचारायचं असतं.
ते मी नेहमी आईलाच विचारतो.
त्या दिवशी लाइट गेली, पंखा थांबला,
आणि त्या शांततेत कपाळाकडेच बघून म्हणालो,
"करशील ना रे काम?"

"तास उभं राहायचे धरता, की हसायचे?"

छाबडाजी हसले. मी नाही.
मग त्यानं समजावून सांगितलं, जसं नवख्या बाबूला सांगतात :
एक हसू स्वेटरचं. फक्त वरचे दात.
एक दप्तराचं. त्यात मान थोडी वाकडी.
तिसरं?
"ते घरचं आहे. ते नाही देणार."
"काहीतरीच बोलतंय हो पोरगं," म्हणत
आईनं त्याची कॉलर सरळ केली, जी सरळच होती.

मी अर्ज पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला.
बापाचं नाव, बँकेचं नाव, डॉक्टरचा दाखला.
शेवटी समासात पेन्सिलीनं लिहिलं :
तिसरे वगळून.
साहेबांनी न वाचता सही केली.
शिक्का अर्धा त्यावरच पडला.

मीही एकदा ध्रुव झालो होतो, रामबागेत,
गणपतीतल्या नाटकात, सात वर्षांचा.
रात्री एक वाजता विंगेत झोपलेलो,
कुणीतरी तोंडावर पाणी मारून ढकललं उजेडात.
मी रडलो, झोपेपायी रडलो,
आणि काय टाळ्या पडल्या!
कंपासपेटी मिळाली. अजून आहे कुठेतरी.

तपासणीला गेलो तेव्हा
तीन तास दहा मिनिटं झाली होती.
"बस लास्टवाला, सर," कॅमेरावाला म्हणाला.
मी मनगटावरचं घड्याळ काढून
त्यांच्या टेबलावर ठेवलं, काचेची बाजू वर.
बोललो काहीच नाही. बोलायची मला भीतीच वाटते.
थोड्या वेळानं दिवे मालवले.
ओजस लोकरीच्या गठ्ठ्यावर पाय मुडपून झोपला,
केसांत थर्माकोलचा बर्फ, गळ्याशी घामाची माळ.

डिसेंबरात सीतलामाता बाजारात
एका शटरवर तो दिसला, पुरुषभर उंच.
मी वाट अडवून उभा. मागे स्कूटरवाले ओरडत होते.
दात मोजले. वरचेच.
चला.

"कितीची साइज?" दुकानदारानं विचारलं.
त्याला काय सांगणार?

मग शेजारचं पोस्टर पाहिलं :
टोपडं घातलेलं, वर्षाचंही नसेल,
कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघत
सगळं तोंड उघडून हसणारं.
वर कंपनीचं नाव. हे नाव
आमच्या रजिस्टरात आलेलं मला आठवेना.
पोह्यांच्या पावतीमागे मी फोन नंबर उतरवून घेतला.
त्यातला एक आकडा तीन की आठ,
ते आता घरी लागत नाहीये.