वालाची भयीन

सात बिया कुन्नूरहून आल्या,
डोकेदुखीच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात.
पुतणीनं वर नाव लिहिलेलं, ल्यूपिन,
आणि खाली, गार जागा हवी.
कोपरखैरण्यात गार जागा!
मी फ्रिज उघडून पाहिला.

बत्तीस वर्षं वाशीच्या धान्यबाजारात
पोती मोजली मी. तूर, मसूर, वाल.
हातात खुपसायचा बांबू,
दाणा दाताखाली, भाव वहीत.
पेरलं मात्र काही नाही.

आता एकेक बी चिमटीत धरून
पॉलिश पेपरवर घासली,
काळं कवच एका अंगाला फिकं होईतो.
रात्रभर वाटीत. पाच फुगल्या,
दोन तशाच, टणक, रुसलेल्या.

रो-हाउसमागे दीड हात पट्टी.
खणताना निघाला मुरूम, फरशीचा तुकडा,
कुणाच्या तरी बांगडीची हिरवी काच.
कुंडी नको, मूळ सरळ खाली जातं,
हलवलं की संपलं. म्हणून इथेच.

डिसेंबरात पानं पंजे उघडून बसली,
प्रत्येक तळहातावर मधोमध
दवाचा एकच थेंब.
दात घासायचे सोडून मी बघायचो.
मावा आला तर बोटानंच पुसला.

फेब्रुवारीत तीनच उरली. एकीला तुरा,
जांभळा, खालून वर उमलत जाणारा.
निम्म्यावर आला आणि ऊन तापलं.
मी जुनी छत्री बांधली.
शेजारच्यांनी फोटो काढला. छत्रीचा.

तुरा वरून करपला. मी उपटायला वाकलो
तेवढ्यात चांगुणाबाय मढवी, मासळीची पाटी उतरवून:
"नुको उपटूस. ही त वालाची भयीन गो."
माझ्याशी बोलतानाही तिचा गो सुटत नाही.

तिनं बोटांनी माती सारली.
मुळांवर गाठी, मोहरीएवढ्या,
एक नखानं फोडली, आत गुलाबी.
"भात कापला का वाल टाकाचो आमी.
वरून कापाचा, मुली जमिनीला ठेवाची."
"कुठे?"
तिनं हात केला सगळीकडे:
पार्किंग, जिम, माझं स्वयंपाकघर.

मग पाटी उचलून गेली. बोंबील संपवायचे होते.

मी कात्री आणली, वरून कापलं.
दाण्यांना हात लावू नका, विषारी असतात,
हे नातवाला दोनदा सांगितलं.
पट्टी आता मोकळी दिसते.
येणारे जाणारे विचारतात, काय लावलंय?
मी म्हणतो, मुळं.