तिसरीची हजेरी

मोखोत्लाँगच्या शाळेत खाउहेलोला दिसत नाही,
ऐकू येत नाही, मान पट्ट्यानं खुर्चीला धरलेली.
आत येणारं प्रत्येक पोर तिच्या तळहातावर
आपलं नाव ठेवतं:
लिनेओ चिमटा, पालेसा दोन टिचक्या,
न्त्साने नुसतंच गार नाक.

चार दिवस झाले,
बाई वही मिटतात, फळ्यावर भागाकार चढतो,
हिची मूठ काही मिटत नाही.
'झालं गं सगळ्यांचं,' म्हणत
लिनेओनं बोटं दुमडली.
पुन्हा उघडली.

मग बाईंनी डोकी मोजली.
सेखोबे नव्हता.
डोंगरावर, दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे.

शुक्रवारी आला. घोंगडीला लोकरीचा वास.
बाईंकडे न बघता
तिच्या हातावर खरखरीत अंगठा टेकवला.

मूठ मिटली, अंगठ्यासकट.
भागाकार त्यानं उभ्यानंच केला.