दाराची वजावट

पंचाहत्तर हजार डिपॉझिट. त्यातून
रंग नऊ हजार, बाल्कनीची जाळी आठशे,
आणि दार, आतली बाजू, साडेसहा हजार.
वहीचं पान फाडून मी तिच्यासमोर ठेवलं
ओट्यावर,
टेबल आधीच टेम्पोत गेलं होतं.

मी काही सावकार नाही.
बेलापूर रोडवरची कंपनी बंद पडली तेव्हा
हातात आलं त्यातून कोपरखैरण्यातली ही वन आरके घेतली.
आम्ही राहतो कळव्याला.
हिच्या भाड्यावर माझी साखर चालते, मालनचे गुडघे चालतात.

करारात होतं, पाळीव प्राणी नाही.
शर्वाणी कोठावदेची सही होती खाली, ठसठशीत,
आणि दुसऱ्याच महिन्यात नाल्याकडून पिल्लू उचलून आणलं.
सेक्रेटरीचा फोन. मी तडक गेलो.
ते उंबऱ्यात आडवं पडलेलं. मला हुंगलं,
हजेरी लावल्यासारखं, आणि बाजूला झालं.
"मुकादम," ती म्हणाली, "नाव आहे त्याचं."
सत्तावीस वर्षं मुकादमाला सलाम ठोकलेला माणूस मी.
काय बोलणार?
भाडं पाचशेनं वाढवलं आणि उतरलो.

तीन करार झाले. अकरा, अकरा, अकरा.
तेहेतीस महिने मी हे दार बाहेरूनच पाहिलं:
पाटी, बेल, दसऱ्याचं वाळकं तोरण.

आतून सनमायका सोललेला,
त्याखाली प्लाय, प्लायचा भुसा.
चष्मा लावून वाकलो.
ओरखडे सगळे कडीच्या अंगाला.
बिजागरीकडे एकही नाही.
कुठून उघडतं ते त्याला माहीत होतं.

"नाइट शिफ्ट," ती म्हणाली. "ऐरोलीहून यायला आठ वाजायचे."
मी म्हणालो, वापरातली झीज वेगळी, हे वेगळं.
ती म्हणाली, रोजच्या वापरातलंच आहे हे.
मी म्हणालो, साडेसहाच्या खाली सुतार ऐकत नाही.
आवाज चढले. समोरच्या बाईंनी दार किलकिलं केलं,
लावलं.
मग मी सहजच विचारलं, दिसत नाही तो कुठं?
"डिसेंबरात."
एवढंच.
नळ ठिबकत होता.
त्याचे पैसे मी धरले नव्हते.

"कापा साडेसहा," ती म्हणाली,
"पण मग दार माझं."

मी करार उलटून पाहिला. पुढून, मागून.
कुठं काही नव्हतं.
पैसे मोजले त्याची वस्तू,
हे वाण्याचं पोरगंही सांगेल.

टेम्पोवाल्यानं स्क्रू काढले. एक गंजून आतच तुटला.
लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तिरकं करत जिन्यानं नेलं,
दोन गाद्यांच्या मधे उभं केलं,
ओरखड्यांची बाजू कशाला घासू नये अशी.
कडी, कोयंडा, बिजागऱ्या तिनं माझ्या हातात दिल्या, मोजून.
मी तिथंच फोनवरून अठ्ठावन्न हजार सातशे पाठवले.
"आले," म्हणाली.
पाटी तेवढी काढायची राहिली भिंतीवरची.

नवं दार उद्या.
सुतार अकरा म्हणतो, म्हणजे तीन.
मालनला कळवलं, आज येत नाही.
"का, कुलूप नाही तिथं?"
कुलूप आहे, म्हटलं.

उंबऱ्यात पेपर अंथरून आडवा झालोय, उशाला वही.
आत चोरण्यासारखं काही नाही. पंखासुद्धा तिचाच होता.
जिन्यातली पावलं खालच्या मजल्यावर वळतात
ते आता न बघता कळतं.
लिफ्ट निघते. दुसरा. तिसरा.
मान
आपोआप वर होते.